वारा वाढला आणि ड्रॅग घटला: नाशिकमधल्या एका वातबोगद्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नाशिकजवळच्या ओझरला १९६४ साली मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. तेव्हापासून लढाऊ विमानाचा आवाज नाशिककरांना नवा राहिलेला नाही. वर्गावर तास चालू असताना वरून विमान गेलं की शिकवणं अर्धा मिनिट थांबतं. मुलं खिडकीकडे बघतात, मीही बघतो. मी नाशिकच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकल शाखेला शिकवतो. आमच्याकडे एरोनॉटिकल शाखा नाही, पण दर वर्षी एखादा तरी गट विमानाशी संबंधित प्रोजेक्ट मागायला येतोच.

त्या वर्षी आलेला गट चौघांचा होता. गटप्रमुख सिडकोतला मुलगा, हिशेबात पक्का. एक मुलगी ओझरची, तिच्या घरी विमानाच्या कामाचीच बोलणी चालत. एक मुलगा दिंडोरी तालुक्यातला, घरची द्राक्षबाग. चौथ्याचा हात वेल्डिंगला चांगला बसलेला, कारण तो सुट्टीत अंबडच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये काम करायचा. त्यांना विमानाच्या पंखावरचा लिफ्ट (वर उचलणारा जोर) आणि ड्रॅग (मागे ओढणारा हवेचा विरोध) स्वतः मोजायचा होता. पंखाचा आकार ठरला होता क्लार्क वाय, १९२२ सालचा. खालची बाजू बरीचशी सपाट असल्याने तो करवतीने कापायला आणि पॉलिश करायला सोपा जातो.

मोजायला वातबोगदा हवा, म्हणजे ठरावीक वेगाचा वारा वस्तूवर सोडणारं यंत्र. तयार बोगदा विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून बोगदाच बांधायचा ठरला. पहिल्या बैठकीत मी त्यांना राइट बंधूंची गोष्ट सांगितली. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांच्या ग्लायडरने हिशेबापेक्षा फार कमी लिफ्ट दिला. त्यांनी हिशेबात वापरलेल्या आकड्यांपैकी एक होता जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याच्या नावाने चालत आलेला ०.००५. अमुक वेगाच्या वाऱ्याने सपाट फळीवर किती दाब येतो, ते सांगणारा हा गुणांक. १७५९ च्या निबंधापासून जवळपास दीडशे वर्षं लोक तो वापरत होते. राइट बंधूंच्या स्वतःच्या मोजमापांतून तो सुमारे ०.००३३ निघाला. मग त्यांनी डेटनला सायकलच्या दुकानात सहा फूट लांब आणि आतून १६ इंच चौरस असा लाकडी खोका बांधला, हॅकसॉच्या पात्यांचा आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचा तराजू केला आणि पंखांचे सुमारे दोनशे आकार तपासले. १९०२ चं त्यांचं ग्लायडर त्या आकड्यांवर बांधलेलं होतं.

मुलांना गोष्ट फार आवडली. त्याच बैठकीत मी फळ्यावर हवेची घनता लिहून दिली: १.२२५ किलो प्रति घनमीटर. पुढच्या घोटाळ्यातला एक भाग त्या फळ्यावर सुरू झाला.

बोगदा

बोगदा फुंकणारा होता. मागे पाच एचपीची मोटर आणि पंखा, मग एक मीटर चौरस खोली, मग निमुळता होत जाणारा प्लायचा गळा आणि शेवटी ४५ सेंटिमीटर चौरस तोंड. तोंडातून वारा मोकळ्या खोलीत बाहेर पडतो आणि वस्तू त्या मोकळ्या झोतात धरायची. मोठ्या वस्तूमुळे बंद नळीत वारा कोंडतो, तसं इथे फारसं होत नाही. सांगाडा अँगलचा, अंबडच्या शेडमध्ये जोडलेला. सांधे एम-सीलने बुजवले. मोटरला व्हीएफडी ड्राइव्ह लावला, त्यामुळे वेग हवा तसा कमीजास्त करता येई. पूर्ण वेग सेकंदाला २० मीटरच्या आसपास होता.

गळ्याआधीच्या त्या मीटरभर खोलीत हनीकोम्ब (एकमेकींना लागून रचलेल्या आखूड नळ्यांची चौकट) आणि जाळ्या बसवणं मूळ आराखड्यात होतं. वेळ कमी पडला तेव्हा ते "नंतर बघू" म्हणून बाजूला पडलं आणि मी त्याला मान्यता दिली. पंख्यातून निघालेला वारा पिळवटलेला असतो, त्यात लहानमोठे भोवरे असतात. हनीकोम्ब पीळ काढतं आणि जाळ्या भोवरे मोडतात. हे सगळं मला माहीत होतं. पण मला वाटलं, पहिल्या चाचणीपुरतं चालेल.

पंख लावण्याआधी बोगदा नीट मोजतो की नाही हे बघायला एखादी ओळखीची वस्तू हवी होती. गोळा निवडला, कारण गोळ्याचा ड्रॅग गुणांक, म्हणजे वाऱ्याचा दाब आणि वस्तूचा आकार यांच्या मानाने विरोध किती ते सांगणारा आकडा, प्रत्येक पुस्तकात असतो, सुमारे ०.४७. गुळगुळीत आणि अचूक गोळा कुठे मिळेल यावर बरीच चर्चा झाली. शेवटी चौथ्या मुलाने जिन्याच्या रेलिंगवर बसवतात तो स्टीलचा पोकळ गोळा आणला. पाच इंची, म्हणजे १२७ मिलिमीटर, आरशासारखा चकचकीत. मागून दांडी लावून तो लोड सेलला, म्हणजे जोर मोजणाऱ्या इलेक्ट्रॉनिक काट्याला, जोडला. इतक्या साध्या ठिकाणाहून इतकी योग्य वस्तू त्याला सुचली याचं मला आजही कौतुक वाटतं.

अडचण

मार्चच्या अखेरीस दुपारी पहिली चाचणी घेतली. वेग मोजायला हातात धरायचा पात्यांचा ॲनेमोमीटर होता. सेकंदाला ११ मीटरवर गुणांक आला ०.४१. पुस्तकातल्यापेक्षा कमी, पण मुलं खूश होती. १५ मीटरवर आला ०.३६. मग पूर्ण वेग, २० मीटर, आणि गुणांक आला ०.१९.

गुणांक काढायच्या आधीच ओझरच्या मुलीच्या एक गोष्ट लक्षात आली होती. १५ मीटरवर लोड सेल सुमारे ६५ ग्रॅम दाखवत होता. २० मीटरवर तो ६० दाखवू लागला. वारा वाढवला आणि जोर कमी झाला. तिने ड्राइव्ह खाली आणला, पुन्हा वर नेला. पुन्हा तेच. "सर, हे उलटं चाललंय," एवढंच ती म्हणाली.

वेग वाढला की विरोध वाढतो हे आपल्या अंगवळणी पडलेलं असतं. मोटारसायकलवर पेठ रोडने जाताना छातीवर जाणवतं ते हेच. त्यामुळे समोरचा आकडा खोटा आहे यावर आम्हा पाचही जणांचं एकमत झालं. प्रोजेक्ट सबमिशनला २४ दिवस उरले होते.

समोरचे पर्याय

त्या संध्याकाळी लॅबमध्ये बसून जे पर्याय निघाले, ते ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लिहितो, कारण तो क्रमच बरंच काही सांगतो.

सगळ्यात आधी लोड सेल बदलायचा. स्वस्तातला आहे, मोटरच्या हादऱ्याने बिघडला असेल. त्यात तथ्य असू शकलं असतं.

मग गटप्रमुखाने सुचवलं की प्रत्येक वेगासाठी एक करेक्शन फॅक्टर काढायचा, म्हणजे गोळा सगळीकडे ०.४७ देईल, आणि तेच फॅक्टर पुढे पंखाच्या रीडिंगला लावायचे. त्याच्या मनात लबाडी नव्हती. कॅलिब्रेशन म्हणजे हेच, असं तो प्रामाणिकपणे समजत होता. वजनकाट्याचं कॅलिब्रेशन आपण असंच करतो. पण काट्यावर ठेवलेलं एक किलोचं माप खरोखर एक किलोचं असतं. इथे आमच्या हवेत त्या गोळ्याचा गुणांक खरोखर ०.४७ आहे, हेच कोणी तपासलं नव्हतं.

दिंडोरीचा मुलगा म्हणाला, गोळा सोडून देऊ, थेट पंख लावू. पंखाचे आकडे बरे आले तर गोळ्याचा विषयच काढायला नको. वेळ बघता हा पर्याय मोहात पाडणारा होता आणि विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचंही तेच मत होतं. परीक्षक पंखाबद्दल विचारतील, गोळ्याबद्दल कशाला विचारतील?

ओझरची मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "सर, काटा बरोबर असेल आणि हवाच वेगळी असेल तर?"

पहिला निर्णय: चकती

काटा चुकतोय की हवा वेगळी आहे, हे वेगळं करणारी चाचणी हवी होती. लोड सेल तपासणं सोपं होतं. दोरा, कप्पी आणि प्रयोगशाळेतली वजनं घेऊन मोटर चालू ठेवून ओढून पाहिलं. २० ग्रॅमपासून २०० ग्रॅमपर्यंत काटा बरोबर होता. म्हणजे नवा लोड सेल आणून काही मिळणार नव्हतं.

पुढची चाचणी माझ्या सुचवण्यावरून झाली आणि या सगळ्या प्रकरणात मी केलेली बरी गोष्ट तेवढीच. गोळ्याच्या जागी धारदार कडेची चपटी चकती लावायची, वाऱ्याला काटकोनात. गोळ्यावरून वाहणारी हवा कुठे सुटायचं ते स्वतः ठरवते, कधी आधी सुटते, कधी पुढे जाऊन. चकतीच्या बाबतीत तिला पर्याय नसतो, ती कडेलाच सुटते. त्यामुळे चकतीचा गुणांक वेगाबरोबर बदलत नाही, १.१ ते १.१७ च्या घरात राहतो. चकतीही उलटंसुलटं वागली तर यंत्रात दोष. चकती सरळ वागली तर दोष यंत्राबाहेर.

दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमची १० सेंटिमीटर व्यासाची चकती वर्कशॉपमध्ये अर्ध्या तासात तयार झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी रीडिंग घेतलं. ११ मीटरवर १.०, १५ वर १.०, २० वर १.०.

म्हणजे दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चुकत होत्या. चकती वेगाबरोबर बदलत नव्हती, पण सगळीकडे एकसारखी कमी येत होती, साधारण १३ टक्क्यांनी. गोळा त्याशिवाय वेगाबरोबर कोसळत होता. आदल्या रात्री आम्ही एकच चूक शोधत होतो, म्हणून ती सापडत नव्हती.

१३ टक्क्यांचं कारण दुपारपर्यंत सापडलं आणि ते माझं होतं. १.२२५ ही घनता समुद्रसपाटीची आणि १५ अंश सेल्सिअस तापमानाची. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर, आणि लॅबमध्ये त्या दिवशी दुपारी ३६ अंश. दाब ९४४ मिलिबारच्या आसपास. आदर्श वायूच्या सूत्रात आकडे टाकले तर घनता येते १.०६. तिथेच १३ टक्के गेले. सूत्र मुलांना अकरावीपासून पाठ होतं. मला तर ते शिकवायचंच असतं. राइट बंधूंनी वारशाने आलेला आकडा कसा तपासला याची गोष्ट सांगून मी त्याच फळ्यावर वारशाने आलेला दुसरा आकडा लिहिला होता, आणि मुलांनी तो विश्वासाने उतरवून घेतला. मी त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. माझं चुकलं हे त्यांच्यासमोर म्हणणं मला महत्त्वाचं वाटलं, नाहीतर पुढच्या वेळी फळ्यावरचं तपासायचं धाडस त्यांना कुठून येणार?

उपायही साधा होता. ॲनेमोमीटरचा वेग आणि घनता असे दोन आकडे घेऊन दाब काढण्यापेक्षा दाबच मोजायचा. पिटो ट्यूब, म्हणजे वाऱ्याकडे तोंड असलेली दाब मोजायची बारीक नळी, झोतात धरली आणि दुसरं टोक तिरक्या मॅनोमीटरला जोडलं की वाऱ्याचा दाब थेट पाण्याच्या उंचीत वाचता येतो. पूर्ण वेगाला तो २२ मिलिमीटर पाण्याएवढा भरतो. नळी एकास पाच अशी तिरकी ठेवली की तोच ११० मिलिमीटर दिसतो आणि साध्या पट्टीने वाचता येतो. गुणांक काढताना मग घनता लागतच नाही. चकती पुन्हा लावली, १.१५ आली.

गोळा मात्र अजून २० मीटरवर ०.२२ च दाखवत होता.

पॅरिस आणि गोटिंगेन

इथे शंभराहून अधिक वर्षं जुनी एक घटना आमच्या कामी आली. ती जरा विस्ताराने सांगतो, कारण मुलांचा पुढचा निर्णय तिच्यावर उभा आहे.

गुस्ताव्ह आयफेल यांनी आपल्या मनोऱ्यावरून वस्तू खाली सोडून हवेचा विरोध मोजायला सुरुवात केली, आणि १९०९ साली मनोऱ्याच्या पायथ्याशी वातबोगदा बांधला. १९१२ मध्ये तो पॅरिसमधल्याच ओतोईला हलवला. त्याच काळात जर्मनीत गोटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांचा बोगदा चालू होता. दोघांनीही गोळ्याचा ड्रॅग मोजला आणि आयफेल यांचा आकडा गोटिंगेनच्या निम्म्याहूनही कमी आला. गोटिंगेनमध्ये आधी असा समज झाला की आयफेल यांच्या सूत्रात २ ने भागायचं राहून गेलं असावं. आमच्या गटप्रमुखाचा करेक्शन फॅक्टर आणि हा समज एकाच जातीचे आहेत. आकडा जुळत नाही ना, मग समोरच्याची आकडेमोड चुकली असेल.

आकडेमोड चुकलेली नव्हती. आयफेल यांना दिसलं की एका ठरावीक वेगापलीकडे गोळ्याचा गुणांक एकदम खाली येतो. तो का येतो हे १९१४ साली प्रांट्ल यांनी दाखवलं. गोळ्याच्या पृष्ठभागाला चिकटून हवेचा एक पातळ थर वाहतो. त्याची कल्पना प्रांट्ल यांनीच १९०४ मध्ये मांडली होती, त्याला सीमास्तर म्हणतात. हा थर संथ असेल तर गोळ्याच्या मध्याआधीच दमतो आणि सुटतो, मागे मोठी पोकळी राहते, आणि ती पोकळी गोळ्याला मागे खेचते. थर खळबळता असेल तर त्यात बाहेरच्या वेगवान हवेची भर पडत राहते, तो मध्याच्या पुढपर्यंत चिकटून राहतो, मागची पोकळी लहान होते आणि ड्रॅग घटतो. हे सिद्ध करायला प्रांट्ल यांनी गोळ्याच्या मध्याच्या जरा आधी, वाऱ्याकडच्या बाजूला, बारीक तारेचं एक कडं बसवलं. तारेने थर ढवळला गेला आणि ड्रॅग कमी झाला. अडथळा बसवला आणि विरोध घटला.

गुळगुळीत गोळ्यावर शांत हवेत ही घसरण रेनॉल्ड्स क्रमांक (वेग, वस्तूचा आकार आणि हवेचा चिकटपणा यांतून निघणारा आकडा) ३ लाख ८५ हजारांच्या आसपास असताना होते. येणाऱ्या वाऱ्यातच भोवरे असतील तर ती बरीच आधी होते. पुढे बोगद्यातली हवा किती अशांत आहे हे मोजायला गोळ्याचाच उपयोग होऊ लागला. गुणांक ०.३० ला पोहोचतो तो रेनॉल्ड्स क्रमांक शोधायचा आणि ३ लाख ८५ हजारांना त्याने भागायचं. आमच्या बोगद्यात ०.३० येत होता साडेसतरा मीटरच्या जवळ, म्हणजे १ लाख २५ हजारांवर. भागाकार ३.१. शांत बोगद्याचा तो एकच्या जवळ असतो.

यातून निघालेला अर्थ ओझरच्या मुलीने नोंदवहीत एका ओळीत लिहिला: गोळा बरोबर आहे, काटा बरोबर आहे, वारा खराब आहे. हनीकोम्ब "नंतर बघू" म्हटलं होतं ना, त्याची ही किंमत.

मुलांना मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण ती आपल्या माणसाची आहे. प्रांट्ल यांच्या हाताखाली गोटिंगेनला डॉक्टरेट केलेले विष्णू माधव घाटगे पुढे बंगळूरला आले. १९५१ साली उडालेल्या एचटी-२ या भारतीय प्रशिक्षण विमानाची रचना त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. तारेचं ते कडं आणि आपल्या डोक्यावरून जाणारी विमानं यांत एवढ्याच पिढ्यांचं अंतर आहे.

दुसरा निर्णय: काय सोडायचं

आता १९ दिवस उरले होते. दोन वाटा होत्या. वारा खराब आहे हे मान्य करून तसाच पंख मोजायचा आणि अहवालात तशी कबुली द्यायची. किंवा बोगदा उघडून हनीकोम्ब आणि जाळ्या बसवायच्या आणि पंखाला जेमतेम तीन-चार दिवस ठेवायचे.

पहिल्या वाटेचा फायदा उघड होता: प्रोजेक्टचं नाव पंखाचं होतं आणि पंखाचे भरपूर आकडे हाती आले असते. पण पंखावरचा सीमास्तरही त्याच खराब वाऱ्यात वाहणार होता. स्टॉल, म्हणजे पंख जास्त तिरका झाल्यावर लिफ्ट एकदम पडणं, कोणत्या कोनाला येतो हे त्याच थरावर ठरतं. मिळालेला कोन क्लार्क वायचा आहे की आमच्या पंख्याचा, हे सांगता आलं नसतं.

निर्णय मी मुलांवर सोडला. मतं दोन विरुद्ध दोन पडली. गटप्रमुख आणि दिंडोरीचा मुलगा पंखाच्या बाजूने होते. त्यांना मार्कांची काळजी होती आणि ती रास्त होती. शेवटी बाजू बदलली ती दिंडोरीच्या मुलाने, कारण हनीकोम्बचा खर्च कसा टाळायचा ते त्याला सुचलं.

काम

हनीकोम्बसाठी आधी ठिबकच्या १६ मिलिमीटर लॅटरलचं नवं बंडल आणलं होतं. दहा सेंटिमीटरचे तुकडे कापून पाहिले, तर प्रत्येक तुकडा किंचित वाकडा. बंडलमध्ये गुंडाळलेल्या नळीला बाक बसलेला असतो आणि वाकड्या नळ्यांचं हनीकोम्ब वाऱ्याचा पीळ काढण्याऐवजी नवा देईल. त्यावर दिंडोरीचा मुलगा म्हणाला, "आमच्याकडं बागेतून काढलेल्या जुन्या लॅटरल पडून आहेत, त्या सरळ आहेत." खरंच होत्या. वर्षानुवर्षं द्राक्षाच्या ओळीत जमिनीवर ताणून पडलेल्या त्या नळ्यांचा बाक उन्हाने कधीच गेला होता. ड्रिपरची भोकं वगळून त्यांनी चार हजारांवर तुकडे कापले. चौघांना चार रात्री लागल्या, शेवटच्या दिवशी त्याची धाकटी बहीणही मदतीला बसली. आत साचलेला क्षार काढायला नळ्या आधी पातळ ॲसिडच्या पाण्यात धुवाव्या लागल्या. बागेत ठिबक साफ करायला वापरतात तीच रीत.

जाळीच्या बाबतीत एक चुकीचं पाऊल पडलं. शेडनेट घरात होतं म्हणून तेच लावलं. पिटो ट्यूब झोतात आडवी फिरवून पाहिली तेव्हा वाऱ्याचा दाब जागोजागी वेगळा दिसला. शेडनेट फार दाट विणीचं होतं. इतक्या दाट जाळीतून निघालेले बारीक झोत एकमेकांना चिकटतात आणि वारा ठिगळाठिगळांचा होतो. जाळी निम्म्याहून बरीच जास्त मोकळी असावी लागते. मग खिडकीला लावतात ती डासांची स्टीलची जाळी आणली आणि चौकटीवर ताणून तीन थर लावले, मध्ये वीतभर अंतर ठेवून. या चुकीत दोन दिवस गेले.

निकाल

जाळ्यांनी थोडा वेग खाल्ला. पूर्ण वेग २० वरून १९ मीटरवर आला. गोळा लावला. ११ मीटर, १५ मीटर, १९ मीटर, तिन्ही ठिकाणी गुणांक ०.४६ ते ०.४८. १९ मीटरवर काटा ११७ ग्रॅम दाखवत होता. आधी साधारण याच वेगाला त्याच काट्याने त्याच गोळ्याचे साठ-पासष्ट ग्रॅम दाखवले होते.

त्यानंतर ओझरच्या मुलीने एक मिलिमीटर तारेचं कडं करून गोळ्याच्या मध्याच्या जरा आधी, वाऱ्याकडच्या बाजूला, चिकटवलं. मोटर पूर्ण वेगाला नेली. काटा ६३ ग्रॅमवर स्थिर झाला. चौघं काही बोलले नाहीत. गटप्रमुखाने मोटर बंद केली, कडं काढलं, पुन्हा चालू केली. पुन्हा ११७. ते त्याने तीनदा केलं. पुस्तकातल्या एका परिच्छेदावर विश्वास ठेवणं आणि आपल्या हातांनी तार लावून विरोध अर्धा करणं यांतला फरक मी त्या दुपारी त्याच्या चेहऱ्यावर पाहिला.

पंखासाठी तीन दिवस मिळाले. सहा कोनांवर लिफ्ट आणि ड्रॅग मोजला, स्टॉलपर्यंत पोहोचता आलं नाही. अहवाल लिहिताना पहिल्या दिवसाची चुकीची रीडिंग ठेवायची की नाही यावर पुन्हा वाद झाला. शेवटी १.२२५ सकट सगळी ठेवली. बाहेरच्या परीक्षकांनी पंखाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मग तक्त्यातल्या त्याच रीडिंगवर बोट ठेवून विचारलं, "हे काय?" पुढचा अर्धा तास मुलं बोलत होती. मार्क चांगले मिळाले, सर्वोत्कृष्ट नाहीत. शीर्षकात पंख होता आणि पंखाचं काम अपुरं होतं, हा परीक्षकांचा शेरा योग्यच होता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, हनीकोम्ब आणि जाळ्या पुढे ढकलायला मी मान्यता दिली नसती. त्यांना शेवटी जे दिवस लागले, ते सुरुवातीला दिले असते तर पंख पूर्ण झाला असता. अर्थात मग खराब वाऱ्यातली ती घसरण मुलांनी पाहिली नसती. पण त्यासाठी आधी चांगला बोगदा बांधून मग मुद्दाम एक जाळी काढून पाहता आली असती.

चकती पहिल्या दिवशीच लावायला हवी होती. गोळा ही कॅलिब्रेशनसाठी निवडलेली चुकीची वस्तू होती. तिचा गुणांक वाऱ्याच्या प्रतीवर अवलंबून असतो, म्हणजे जे मोजायचं तेच गृहीत धरल्यासारखं होतं. आधी चकतीने काटा आणि दाब तपासायचा आणि मग गोळ्याने वारा तपासायचा, हा क्रम बरोबर.

सुधारलेला बोगदा किती शांत झाला हे मुलांना सांगता आलं नाही. १९ मीटरला रेनॉल्ड्स क्रमांक १ लाख ३६ हजारांपर्यंतच जातो आणि तिथवर गोळा कोसळलाच नाही. त्यामुळे भागाकार २.८ पेक्षा कमी आहे, इतकंच अहवालात लिहिलं. गटप्रमुखाला तिथे एक ठोस आकडा हवा होता, ओझरच्या मुलीने तो लिहू दिला नाही. आणखी मोठा गोळा घेतला असता तर आकडा मिळू शकला असता, पण ४५ सेंटिमीटरच्या झोतात आठ इंची गोळा बसवला की झोताच्या कडा जवळ येतात. त्यासाठी तोंड मोठं करावं लागेल, म्हणजे पंखाही मोठा.

मतदान घेण्याचा माझा निर्णय बरोबर होता की नाही याबद्दल मी अजून साशंक आहे. मार्क त्यांचे होते म्हणून निवड त्यांची, असं मला तेव्हा वाटलं. पण दोन विरुद्ध दोन झाल्यावर दिंडोरीच्या मुलावर जो भार आला तो मी उचलायला हवा होता. त्याने बाजू बदलली नसती तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याजवळ तयार नव्हतं.

बोगदा आता लॅबच्या मागच्या भिंतीला लावून ठेवला आहे. त्याच्या बाजूला पारा भरलेला बॅरोमीटर आणि थर्मामीटर टांगले आहेत, आणि नव्या गटाने पहिल्या दिवशी त्यांच्यावरून त्या दिवसाची घनता काढून नोंदवहीच्या पहिल्या ओळीत लिहायची असते. यंदाच्या गटाने जुलैत, पावसाच्या दिवशी, हवेतला ओलावाही धरायचा का, असं विचारलं. हिशेब करून पाहिला, फरक एका टक्क्याच्या आसपास पडतो. धरायचं ठरलं. क्लार्क वायचा स्टॉलचा कोन अजून मोजायचा आहे.